एप्रिलचं लाईट बिल तिप्पट आलं, युनिट तं तिप्पट जळले नाई

सेलूकर (मे २०२४)
नमस्कार मंडळी, घरच्या लाईट बिलाबद्दल इचारायचं हाय. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. घरात माय, बाबूजी, बायको अन मी. फेब्रुवारीचं बिल आलं होतं ७०० रुपये, युनिट ८८. आता एप्रिलचं आलं २११० रुपये, युनिट १९६. कूलर लागला हे मान्य, पंखे रात्रंदिवस चालू हे बी मान्य, पण युनिट सव्वादोन पट झाले तं बिल तिप्पट कसं काय झालं? बाबूजी म्हणते मीटर पळते, बदलून घे. शेजारचे म्हणते सगळ्याइचंच वाढलं, भर अन गप्प बस. मले गप्प बसायचं नाई, समजून घ्यायचं हाय. ते स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं काय काय लिहून असते, कोणी नीट फोड करून सांगसान का? बिलाचा फोटो टाकत नाई, त्यावर ग्राहक क्रमांक असते, पण जो आकडा पायजे तो सांगतो.

पऱ्हाटी
आमच्या घरी पण तेच झालं भाऊ. मार्चमधे साडेआठशे अन आता एकोणीसशे. गावात दुकानावर दुसरा इषयच नाई. कोणाले समजलं तं सांगा.

दारव्ह्याचे_मास्तर
सेलूकर भाऊ, तुमचे दोन्ही आकडे मी कागदावर मांडून पाहिले, हिशोब तंतोतंत जुळतो, म्हणजे बिल करण्यात चूक नाही. वाढ तीन ठिकाणाहून आली आहे, एकेक सांगतो, थोडं लांबेल पण वाचा.

आधी बिलाची फोड. स्थिर आकार म्हणजे एक युनिट नाही जाळलं तरी लागणारी रक्कम, सिंगल फेजच्या घराला मार्चपर्यंत ११६ होती, १ एप्रिल २०२४ पासून १२८ झाली. वीज आकार म्हणजे विजेची किंमत. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज तुमच्या घरापर्यंत आणायचे पैसे, युनिटमागे १ रुपया १७ पैसे. या सगळ्याची बेरीज करायची आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. इंधन समायोजन आकार कधी असतो कधी नसतो, कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महाग पडली की तो लागतो, मी इथे तो धरलेला नाही.

आता टप्पे. महिन्याला पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० अजून महाग आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. मार्चपर्यंत पहिल्या टप्प्याचा दर ४.४१ होता आणि दुसऱ्याचा ९.६४, म्हणजे दुपटीहून जास्त. एप्रिलपासून ते झाले ४.७१ आणि १०.२९. तुमचे फेब्रुवारीचे ८८ युनिट सगळे पहिल्या टप्प्यात बसले. ८८ ला ५ रुपये ५८ पैशांनी गुणा (४.४१ अधिक वहन १.१७), ४९१ येतात, त्यात ११६ मिळवा, ६०७, वर १६ टक्के, ७०४. दहाच्या पटीत गोल केलं की ७००.

एप्रिलच्या १९६ पैकी १०० युनिटला ५.८८ लागले आणि वरच्या ९६ ला ११.४६. म्हणजे ५८८ आणि ११००, बेरीज १६८८, स्थिर आकार १२८, झाले १८१६, वर १६ टक्के, २१०७. गोल करून २११०.

आता वाढ कुठून आली ते पहा. समजा टप्पेच नसते आणि दरही जुनाच असता, तर १९६ युनिटचं बिल साधारण १४०० आलं असतं. हे ७०० चे १४०० झाले ते निव्वळ जास्त वापरामुळे. टप्प्यामुळे ते १४०० चे १९८५ झाले. आणि नव्या दरामुळे १९८५ चे २१०७. म्हणजे दरवाढीने तुमच्याकडून घेतले सव्वाशेच्या आसपास, टप्प्याने घेतले जवळपास सहाशे. गावात सगळे दरवाढीवर बोलत आहेत, मात्र उन्हाळ्यात आपल्याला खरं मारते ते १०० ची रेघ ओलांडणं.

सेलूकर
मास्तर, इतकं नीट आजपर्यंत कोणी सांगितलं नाई. म्हणजे १०० च्या वरचं एक युनिट कर धरून पडते कितीले?

दारव्ह्याचे_मास्तर
११.४६ वर १६ टक्के, म्हणजे १३ रुपये २९ पैसे. शंभरच्या आतलं पडते ६ रुपये ८२ पैशाला. आणि एक गैरसमज पुष्कळांचा असतो तो इथेच काढतो, १०१ वं युनिट जळलं म्हणून आधीचे १०० महाग होत नाहीत, ते त्यांच्या स्वस्त दरानेच धरतात, महाग लागते ते फक्त वरच्यांना.

वायरवाला_अकोट
मास्तरनं हिशोब बरोबर सांगतला, आता मी वापराचं सांगतो, मी घरोघरी फिटिंगचं काम करतो. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास. आपल्या इकडचा मोठा लोखंडी कूलर, पंखा अन पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेते. सोळा तास चालला तं रोजचे ३.२ युनिट, महिन्याचे ९६. सेलूकर भाऊ, तुमचे फेब्रुवारीपेक्षा १०८ युनिट वाढले ना, त्यातले ९६ तं हा एकटा कूलरच खाऊन बसला. फेब्रुवारीतच तुमचे शंभर भरत आले होते, म्हणून कूलर जवळपास सगळा महाग टप्प्यात चालते. ९६ गुणिले १३.२९ करा, पावणेतेराशे होते. तेच घर जर आधी चाळीस युनिटवाल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचं असतं तं त्याच कूलरचे नऊशेच्या आतच लागले असते.

जुना छताचा पंखा ७५ वॅट, नवीन कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. वीस तास चालला तं जुना महिन्याले ४५ युनिट खाते अन बीएलडीसी १८. उन्हाळ्यात वाचलेले ते २७ युनिट महागातले असते, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याले साडेतीनशे. लोकं एलईडी बल्ब बंद करत फिरते, नऊ वॅटचा बल्ब रात्रभर जळला तरी युनिटचा दहावा हिस्सा होत नाई, त्याच्यामागं लागण्यात अर्थ नाई.

फ्रिज. टिनाच्या खोलीत, भिंतीले चिटकवून ठेवलेला फ्रिज मे महिन्यात थांबतच नाई, कॉम्प्रेसर सारखा घरघर करते. त्याले मागून वीतभर जागा द्या अन शक्य असलं तं मातीच्या भिंतीच्या, थंड खोलीत हलवा.

अन सगळ्यात लपून बसलेली गोष्ट म्हणजे बोअरची मोटर. हिवाळ्यात टाकी जेवढ्या वेळात भरते त्याच्या दुप्पट वेळ मे महिन्यात लागते, पाणी खाली गेलं राहते. नळ पाच-पाच दिवसांनी येते तं सगळं घर बोअरवर. एक एचपीची मोटर रोज एक तास जास्त चालली तं महिन्याले तीस युनिट वाढले समजा. कोणाच्या ध्यानातच येत नाई, म्हणते आमी तं नवीन काहीच घेतलं नाई.

मोर्शीवाली
आमच्याकडे हिवाळ्यात पण बिल वाढते दादा, जानेवारीत. कूलर तर नसतो तेव्हा.

वायरवाला_अकोट
ताई, पाणी तापवायचा रॉड हाय का? पंधराशे वॅट. रोज एक तास म्हणजे दीड युनिट, महिन्याचे ४५. लेकरं जास्त असली अन सकाळी एकामागं एक बकेटी तापत असल्या तं तास कवा होऊन जाते समजत नाई.

मोर्शीवाली
आहे, रॉडच आहे. सहा बकेटी लागतात रोज.

सेलूकर
बाबूजी अजून मीटरवरच अडून हाय. म्हणते मीटर पळत नाई हे तू कशावरून सांगतं? मीटर बरोबर का खोटं हे घरी पाहता येते का?

वायरवाला_अकोट
येते ना. मीटरवर एक लाल लाईट टिमटिमते पहा, तिच्या बाजूले लिहून असते ३२०० इम्प्स प्रति केडब्ल्यूएच, काही मीटरवर १६०० बी असते, आपल्या मीटरवरचा आकडा वाचून घ्या. ३२०० म्हणजे ती लाईट ३२०० वेळा टिमकली का एक युनिट झालं.

पयले घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लग बी काढा, इन्व्हर्टर असलं तं तेबी, मेन मात्र चालू ठेवा. आता लाईट टिमकायले नाई पायजे. पाच-दहा मिनिटं पहा. टिमकत असली तं घरात कुठंतरी लिकेज हाय नाईतं कोणीतरी तुमच्यावरून लाईन घेतली हाय. मंग एकटा पंधराशेचा रॉड बकेटीत पूर्ण बुडवून लावा अन मोबाईलवर एक मिनिट लावून टिमटिम मोजा. ८० च्या आसपास आली पायजे. ८० च्या ठिकाणी १०० आली तं मीटर पळते, बाबूजी बरोबर. रॉड चालू असताना पाण्यात हात घालायचा नाई, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

सेलूकर
आज संध्याकाळी सगळ्याइले अंगणात बसवून केलं. सगळं बंद केल्यावर लाईट एकदाबी टिमकली नाई. मंग रॉड लावला, बाबूजीनं मोजलं ६१, मी परत मोजलं ६१, बायकोनं ६०. मीटरवर ३२०० च लिहून हाय. हे तं ८० पेक्षा लय कमी हाय, म्हणजे मीटर मागं पडलं हाय का? उद्या कोणी येऊन म्हणन तुमचं मीटर स्लो, मागचे पैसे भरा, अशी बाबूजीले आता नवीन काळजी.

वायरवाला_अकोट
संध्याकाळी किती वाजता केलं? तुमच्या इकडं संध्याकाळी व्होल्टेज किती राहते?

सेलूकर
आठच्या सुमारास. टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर २०० दाखवत होतं, कधी १९५.

वायरवाला_अकोट
मंग मीटर बरोबर हाय, काळजी नोको करू. रॉडवर १५०० वॅट लिहून असते ते २३० व्होल्टचं. व्होल्टेज उतरलं का रॉडची ताकद त्याच्या वर्गानं उतरते. २०० भागिले २३०, त्याचा वर्ग, पाऊण होते. पंधराशेचे अकराशे चौतीस वॅट उरले, म्हणजे मिनिटाले ६० टिमटिम. तुमचे ६०-६१ आले. याहून बरोबर मीटर भेटत नाई. पहाटे पाच वाजता व्होल्टेज चढलं राहते तवा करून पहा, आकडा वाढलेला दिसन.

पण लो व्होल्टेजनं बिल कमी होते असं नोका समजू. रॉडले तेवढंच पाणी तापवायले जास्त वेळ लागते, युनिट तेवढेच. अन मोटर-कूलरचं तं उलटंच हाय, मोटर जास्त करंट ओढते, गरम होते, हवा-पाणी कमी देते अन तास वाढते. आमच्याकडं उन्हाळ्यात कूलरच्या मोटरी जळून येते त्या जास्त करून यानंच.

लाखनीकर
मी भंडारा जिल्ह्यातून. माझं प्रकरण थोडं वेगळं आहे पण इथेच विचारते. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसात सगळे सकाळपासून बांधीवर असतात, घराला कुलूप, मीटर आतल्या पडवीत. मागच्या पावसाळ्यात रीडिंग घेणारा माणूस येऊन परत गेला, दोन महिने सरासरीचं बिल आलं आणि दिवाळीच्या आधी एकदम मोठं बिल. तीन महिन्यांचे मिळून २७० युनिट. ऑफिसात विचारलं तर सांगितलं भरावंच लागेल. आम्ही भरून टाकलं. तेव्हा ते टप्पे माहीत नव्हते. आता मास्तरांचं वाचून मनात आलं, की २७० युनिट एकाच महिन्यात धरले असतील तर?

दारव्ह्याचे_मास्तर
ताई, फार महत्त्वाचं विचारलं. रीडिंग तीन महिन्यांचं एकत्र आलं तर टप्पाही तीन महिन्यांचा द्यावा लागतो, म्हणजे पहिला स्वस्त टप्पा १०० चा नाही, ३०० चा. तुमचे २७० सगळे स्वस्त दरात बसायला पाहिजेत. आणि मधल्या काळात सरासरीने भरलेले पैसे त्यातून वजा व्हायला पाहिजेत. एकाच महिन्यात धरले असतील तर १७० युनिट महाग टप्प्यात गेले, त्यात हजार रुपयांच्या वर फरक पडतो. जुनं बिल काढून बघा, वीज आकार भागिले युनिट करा. साडेचार रुपयांच्या आत उत्तर आलं तर टप्पा मिळाला आहे. सातच्या वर आलं तर मिळालेला नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमधे हेच झालं होतं, आठवत असेल. रीडिंग बंद होती, मार्च ते मे हिवाळ्याच्या सरासरीने बिलं गेली आणि जूनमधे खरं रीडिंग आल्यावर सगळ्या उन्हाळ्याची थकलेली युनिटं एकाच बिलात आली. तेव्हा लोकांचा आकडा बघूनच जीव गेला, कितीतरी जणांनी मागचं वजा झालं की नाही ते पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, बिल हातात आलं की आधी रक्कम पाहू नका. आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्या दोन्हींच्या तारखा पहा. मग बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो, त्यातला आकडा आणि छापलेलं रीडिंग एकच आहे का पहा. फोटो धूसर असेल, भिंतीचा असेल, दुसऱ्याच कोणाच्या मीटरचा असेल, तर तिथेच थांबा. आणि मीटरची स्थिती वाचा. लॉक, फॉल्टी, आरएनए (म्हणजे रीडिंग मिळालं नाही) असं काही असेल तर ते बिल अंदाजाचं आहे, तुमच्या वापराचं नाही.

लाखनीकर
काढून पाहिलं. ६.६० येते आहे. साडेचारही नाही आणि सातही नाही.

दारव्ह्याचे_मास्तर
ताई, मागच्या दरानं २७० युनिट एका महिन्यात धरले तर युनिटमागे ७.७० यायला पाहिजे, तीन महिन्यांत धरले तर ४.४१. साडेसहा येतं म्हणजे पूर्ण टप्पा मिळालेला नाही, बहुतेक तीन महिन्यांऐवजी दीड महिन्याच्या आसपासचा धरला आहे. लेखी अर्ज करा. साध्या कागदावर, ग्राहक क्रमांक, तीन महिन्यांची बिलं जोडून, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या रीडिंगला पूर्ण कालावधीचा टप्पा लाभ देऊन देयक दुरुस्त करावे" एवढंच लिहा. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

पांदण_रस्ता
मी या कामासाठी आमच्या गावच्या लोकांसोबत पुष्कळ फिरलो आहे, मास्तरांचं बरोबर आहे, पोच पाहिजेच. तिथे नाही ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, वीज कायदा २००३ खालीच तो नेमलेला असतो, वकील लागत नाही. त्याच्याही वर विद्युत लोकपाल, आपल्याकरता नागपूरला आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जायचं असते, लाखनीकर ताईंचं त्यात आरामात बसते.

आणि गावात एक भीती नेहमी असते, की भांडलो तर लाईन कापतील. कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते, पूर्ण वादातली नाहीतर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी, तेवढी भरली तर निकाल लागेपर्यंत तोडता येत नाही. म्हाताऱ्या बायका उधारी करून बिलं भरतात ते बघून जीव तुटतो म्हणून हे सांगतो. आणि दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम, जी मधे कधी थकबाकी म्हणून बिलात सतत दाखवलीच नाही, ती अचानक काढून वसूल करता येत नाही, तेही त्याच कलमात आहे.

वायरवाला_अकोट
मीटर खरंच खराब निघालं तं त्याचंबी सांगून ठेवा.

पांदण_रस्ता
मीटर सदोष निघालं तर बिल दुरुस्ती तक्रारीच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. मीटर बंदच पडलं असेल तर त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने आणि तेही तीन महिन्यांपर्यंतच. म्हणून डिस्प्ले गेलेला दिसला की त्याच दिवशी अर्ज टाकायचा. आमच्याकडे एका घरी वर्षभर अंदाजाचं बिल येत राहिलं आणि कोणी काही बोललं नाही, मग सोडवायला फार त्रास झाला.

पऱ्हाटी
मले आता एक नवीनच कागद आला, बिलासोबत अलग, अतिरिक्त सुरक्षा ठेव म्हणून. हे काय? दोन बिलं भरायची का?

दारव्ह्याचे_मास्तर
ते बिल नाही, ठेव आहे. वर्षातून एकदा तुमच्या मागच्या वर्षाच्या वापराचा हिशोब लावतात, महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव असावी असा नियम आहे, कमी पडते तेवढी मागतात. पैसे तुमच्या नावावर राहतात, व्याज मिळते, ते बिलात वजा होऊन येते. एप्रिल-मेमधे हे कागद येतात आणि त्याच वेळी कूलरचं बिल येते, म्हणून दोन्ही मिळून डोंगर वाटतो.

बल्लारपूर_लाईन
मी चंद्रपूरकडचा. सगळं वाचलं, हिशोब समजला, पण एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, कोळसा आमच्या जमिनीखालचा, राख आमच्या अंगणात, उन्हाळ्यात पारा ४६-४७, आणि कूलर ही चैन समजून त्यावर महाग टप्पा. पुण्या-मुंबईकडच्या हवेत १०० युनिट आणि ब्रह्मपुरीच्या हवेत १०० युनिट सारखे कसे? एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांपुरता तरी विदर्भाला पहिला टप्पा वाढवून द्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पांदण_रस्ता
तुमच्याशी सहमत. दर कंपनी स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते सगळ्या परवाना क्षेत्राला एकच असतात. आयोग दर ठरवायच्या आधी लेखी हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो, नागपूर-अमरावतीलाही. तिथे उद्योगवाल्यांचे माणसं कागद घेऊन बसलेले असतात, घरगुती ग्राहक फार कमी दिसतो. ग्रामसभेचा ठराव करून हरकत पाठवता येते, पुढच्या वेळी आपण दहा-वीस गावांनी मिळून पाठवू. उन्हाळ्याचा टप्पा ही मागणी तापमानाच्या नोंदी जोडून मांडली तर तिला वजन येईल.

बल्लारपूर_लाईन
मी आमच्या ग्रामपंचायतीत इषय घेतो. मसुदा कोणी लिहून देईल का?

दारव्ह्याचे_मास्तर
मी लिहीन.

मोर्शीवाली
आमच्याकडे दोन जावांची घरं एकाच मीटरवर आहेत, चुली वेगळ्या झाल्या तरी मीटर सासऱ्यांच्या नावावर एकच. महिन्याला २४० युनिट जातात. सगळे भांडण बिलावरूनच होते.

दारव्ह्याचे_मास्तर
ताई, २४० एका मीटरवर आताच्या दराने साधारण २६९० होतात. तेच १२० आणि १२० दोन मीटरवर गेले तर एकेकाचे १०९६, म्हणजे दोन्ही मिळून २१९०. दुसरा स्थिर आकार धरूनही महिन्याला पाचशे वाचतात, कारण दोघींना आपापले स्वस्त १०० मिळतात. मात्र राहणं खरोखर वेगळं पाहिजे, स्वयंपाक वेगळा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद वेगळी. नुसतं टप्पा वाचवायला एकाच घरात दोन मीटर मिळत नाही.

मोर्शीवाली
नमुना ८ वर दोन नोंदी आहेत. अर्ज करतो मग. दुसरं, मी घरीच शिलाई करते, मशीनला मोटर आहे, त्याचं दुकानाचं बिल लागेल का?

पांदण_रस्ता
राहत्या घरातून छोटा धंदा असेल आणि महिन्याला ३०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. बिनधास्त शिवा.

सेलूकर (जून २०२४)
मंडळी, मे महिन्याचं बिल आलं, १७२ युनिट. कूलर तेवढाच चालवला, मायले दम्याचा त्रास हाय, तिच्या खोलीतला कूलर बंद करणं जमतच नाई. पण दोन पंखे बीएलडीसी घेतले, फ्रिज मधल्या खोलीत आणला अन बोअरची टाकी वाहून जात होती तिले फ्लोट बसवला. बाबूजी आता स्वतः दर महिन्याच्या एक तारखेले मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवते, अन बिलाशी जुळवून पाहते. छतावर सोलर लावायचं चाललं हाय, पीएम सूर्यघरचं. एक किलोवॅटचा काही फायदा हाय का, नाईतं मोठाच लावावा लागते?

वायरवाला_अकोट
तुमच्यासाठी एक-दोन किलोवॅट पुरे. एक किलोवॅट दिवसाले चारच्या आसपास युनिट देते, म्हणजे वरचे महाग युनिटच पयले कापल्या जाते, फायदा तिथंच हाय. सबसिडी एक किलोवॅटले ३० हजार, दोनले ६०, तीन अन त्याच्या वर ७८ हजार. स्थिर आकार मात्र येतच राहीन.

लाखनीकर (सप्टेंबर २०२४)
सांगायचं राहिलं होतं. अर्ज दिला, पोच घेतली, दोनदा आठवण द्यावी लागली. या महिन्याच्या बिलात ६८७ रुपये वजा होऊन आले. मीटर आता पडवीतून काढून बाहेरच्या भिंतीवर घेतलं, पेटीसकट. रोवणीत कुलूप असलं तरी रीडिंग होते. मास्तर, पांदण दादा, तुमचे मनापासून आभार.

पऱ्हाटी (ऑगस्ट २०२५)
धागा वर आणतो. आमच्या गावात नवीन टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळेले किती वीज जळली ते मोजणारं मीटर, लावणं चालू हाय. लोकं म्हणते हे फास्ट पळते. खरं हाय का? अन दिवसा सूट भेटते म्हणते ते काय?

पांदण_रस्ता
सूट आहे. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधे वापरलेल्या युनिटवर ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. मोटर, चक्की, कपड्याची मशीन, इस्त्री दिवसा उरकून घ्या. दर आता बदललेत, वर मास्तरांनी दिलेले आकडे २०२४ चे आहेत, आपल्या बिलाच्या मागच्या बाजूचे दर घेऊन तसाच हिशोब करा. टप्पे तेच आहेत.

वायरवाला_अकोट
फास्ट पळते का ते रॉड लावून पहा, वर सांगतलं तसं, व्होल्टेज पाहून. पण मीटर बदलते त्या दिवशी घरी कोणीतरी थांबा. जुनं मीटर काढायच्या आधी त्याच्या शेवटच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो, नवीन मीटरच्या सुरुवातीच्या आकड्याचा फोटो, दोन्हीचे नंबर दिसले पायजे. बदलीच्या कागदावर तेच आकडे लिहिले का पाहून मंगच सही करा अन कागदाची एक प्रत मागून घ्या. पयल्या बिलात जुन्या मीटरचे उरलेले युनिट अन नव्याचे युनिट अशी बेरीज राहते, गडबड झाली तं तिथंच होते.

पऱ्हाटी
उद्या आमच्या ओळीत येणार हाय. माय एकटी राहते घरी, तिले फोटो काढता येत नाई, मी सकाळी वावरात न जाता थांबतो. शेजारच्या दोन घरचेबी मीच काढून ठेवतो.